वाढीच्या गोळ्या

मुरबाडकडच्या आमच्या घरात मासे जितक्या लाडानं वाढले तितकं दुसरं कुणी वाढलं नाही. हे मी चिडून लिहिते आहे, आणि ही चीड जावी असं मला वाटतही नाही.

वीटभट्टीवाल्यानं शेताच्या खोलगट कोपऱ्यातली माती उचलून नेली आणि मागे मोठा खड्डा राहिला. तो पावसात भरला तेव्हा बाबांच्या डोक्यात मासे शिरले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोहू-कटल्याची पिल्लं आणून सोडली, पण नुसत्या कोंड्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर मासा काही अंग धरीना. मग मुरबाडच्या एका दुकानदारानं बाबांना दोन पाकिटं दिली, एकात औषधी वनस्पतींची पूड आणि दुसऱ्यात जीवनसत्त्वांची. त्या दिवसापासून बाबा माशांचे वैद्य झाले. रोज सकाळी ओसरीवर घमेलं मांडायचं, कोंडा-पेंडीत दोन्ही पुडी घालून भाताच्या पेजेत मळायचं आणि लाडू वळायचे. शतावरीचा आणि लसणीचा वास कपड्यांनासुद्धा यायचा. "बाळंतिणीला कोन घालनार नाय एवढं माशांना घालतो ह्यो मानूस," असं आई शेजारणीला हसत सांगायची.

त्याच सुमारास वहिनीला दिवस गेले. वहिनी म्हणजे माझ्या एकुलत्या भावाची बायको, डोळखांबकडची, माझ्याहून थोडीच मोठी. तळ्यात लाडू टाकायचं काम तिचं होतं. तिची सावली पाण्यावर पडली की मासे तोंडं उघडून वर यायचे.

अंगणवाडीत नर्सबाई यायच्या. मी वहिनीबरोबर गेले होते. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात दिल्या. "अंगात रक्त नाही तुझ्या. रोज एक. चुकवलीस तर बाळंतपणात जिवावर बेतेल."

घरी आल्याआल्या आईनं पट्ट्या काढून घेतल्या. त्या गोळ्यांनी पोटातलं पोर फार वाढतं आणि बाळंतपणात अडतं, असं आमच्याकडच्या सगळ्याच सासवा मानायच्या. आईची सख्खी बहीण तशीच अडून आईच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्यामुळे वहिनीला भाकरीही अर्धीच. वर आईचं समजावणं, "थोडं कमीच खा गो. पोर लहान असलेलं बरं, सुटशील लवकर." आई हे मायेनं सांगायची, आणि तेच मला अजून पचत नाही.

एकदा भाऊ माशांच्या पुडीच्या पाकिटावरचं मोठ्यानं वाचत होता. लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत, वाढ जोमदार होते. आईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "नर्सबाईच्या गोलीत पन लोहच ना रे?" भाऊ हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई खलबत्त्यात वहिनीच्या गोळ्या कुटत होती. तिची बोटं लाल झाली होती. ती पूड तिनं बाबांच्या घमेल्यात ओतली.

"आई, त्या वयनीच्या हायत," मी म्हणाले.

"मग काय उकिरड्यावर टाकू? मासा वाढला तर चांगलंच हाय. पोर वाढलं तर अडंल."

बाबांनी मान डोलावली आणि लाडू वळायला घेतले. भाऊ तिथेच चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला नाही. त्याच्यावरचा माझा राग आईवरच्या रागाहून मोठा आहे.

वहिनीनं ते तांबूस लाडू तळ्यात टाकले. तिला माहीत होतं. बांधावर बसून ती भट्टीवरच्या विटेचा तुकडा खात होती, हल्ली तिला सारखी मातीच खावीशी वाटायची. बायका म्हणायच्या, डोहाळे आहेत, मुलगा होणार. तिचे ओठ मात्र पेजेसारखे पांढरे पडले होते. "यांचं बरं हाय," ती माशांकडे बघून म्हणाली, "फुडच्या जन्माला कटला होऊन येन मी तुमच्याकडं." मी हसले. तीही हसली आणि उठताना माझा खांदा धरून बराच वेळ उभी राहिली.

बाळंतपण घरीच झालं, उजाडता उजाडता. पोर लहानसं होतं, अलगद आलं. आईनं देवाला हात जोडले. "बघा, अडलं नाय," ती सगळ्यांना सांगत होती.

पोर अडलं नाही. रक्त थांबलं नाही. आधी एक लुगडं भिजलं, मग गोधडी भिजली. भाऊ जीप आणायला नाक्यापर्यंत धावत गेला. मुरबाड दिसायच्या आधीच माझ्या मांडीवरचं वहिनीचं डोकं जड झालं. पोरही फार दिवस राहिलं नाही.

सुतक फिटल्यावर आमच्याकडे तिखटाचं जेवण घालतात. बाबांनी तळ्यात जाळं टाकलं. एकेक मासा दोन्ही हातांनी उचलावा लागत होता. पंगतीत पाहुणे म्हणाले, "काय मासा पोसलाय, वा!" बाबांनी खाली बघून वाढलं. मी ताट सरकवून उठले. आई चुलीपाशी बसली होती, तिनंही तोंडात घास घातला नाही.

पुढे माझं लग्न किन्हवलीत झालं. दोन हजार सालानंतर मला दिवस गेले आणि त्याच लाल गोळ्या घरी आल्या. आई एसटीनं न सांगता येऊन थडकली. गोळी तळहातावर, दुसऱ्या हातात तांब्या.

"गिल. माझ्यासमोर गिल."

इतकी वर्षं धरून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "वयनीच्या वेळंला कुठं गेली होती ही अक्कल?"

तिनं तांब्या माझ्यापुढे धरला. "गोलीनं वाढ व्हते एवढंच मला म्हाईत होतं. जीव ऱ्हातो ते कोन बोललंच नाय."

नर्सबाई बोलल्या होत्या. मला, वहिनीला. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. मी गोळी गिळली. तोंडात लोखंडाची चव आली आणि मला ओसरीवरचं ते घमेलं दिसलं.

"आ कर," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिनं जिभेखाली बोट घालून नीट चाचपलं. मग पट्टीतून उद्याची गोळी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.