उसवायचं काम

मनगट मोडलं आणि माझी अर्धी गोधडी पलंगावर तशीच पडून राहिली. प्लास्टर निघून महिने झाले, तरी उजव्या हाताला सुई धरवेना. लोणावळ्यातल्या दवाखान्यात मी रबरी बॉल दाबायला जायचे, तेव्हा समोर मळवलीच्या एक मावशी असायच्या. भाताच्या बांधावरून घसरून त्यांचाही उजवा हात मोडला होता. त्यांचा बॉल मांडीवर लोळत असायचा आणि बोटं पदराच्या काठावर उगाच टाके घालत असायची.

"मावशी, तुम्हीही गोधडी शिवता?" मी एकदा विचारलं.

"शिवत व्हते. आता सून शिवती. टाका एवढा लांब, की पायाचं बोट अडकंल." मग त्या हळूच म्हणाल्या, "ती कामाला गेली की मी उसवून ठेवते. शिवाया येत न्हाई, पर उसवाया येतंय."

"तिला कळत नाही?"

"ती म्हणती, घरात उंदीर लय झालेत."

एवढं बोलून मावशी गंभीर चेहऱ्याने बॉल दाबू लागल्या.

इकडे माझ्या नवऱ्यानेही हौसेने माझ्या गोधडीवर टाक्यांच्या दोन ओळी घातल्या होत्या. त्या नागमोडी ओळींचं मी तोंडभरून कौतुक केलं होतं. त्या दुपारी ते बाहेर पडल्यावर मी गोधडी मांडीवर घेतली, दोरा चिमटीत धरला आणि ओढला. मनगट ठणकलं, पण चिमूट सुटली नाही. दुसरी ओळ मी मुद्दाम सावकाश उसवली, लवकर संपू नये म्हणून.

संध्याकाळी नवऱ्याने गोधडी उलटसुलट करून पाहिली.

"माझे टाके कुठे गेले?"

"उंदीर झालेत," मी म्हणाले. "उद्या पुन्हा घाला."