ओहायोत सगळं शनिवारी होतं

लेनाचा निकाल बुधवारी आला आहे, पण ती तो शनिवारी उघडणार आहे. काल सकाळी माझ्या बहिणीने, शुभाने, फोनवर हे सांगितलं आणि मागून तिच्या नवऱ्याने, विनयने, "खरं आहे, आणि मला त्यामुळे काही सुचत नाहीये," अशी पुस्ती जोडली. ईमेल आलेली आहे, पासवर्ड लेनाकडे आहे आणि घरातली बाकी तिघं तिच्याभोवती घिरट्या घालत आहेत. ठरल्या वेळेआधी पाच मिनिटं हजर राहणारी ही जर्मन मुलगी तीन दिवस कशासाठी थांबली आहे, हे सांगायचं तर महिनाभर मागे जावं लागेल.

शुभा गेली अकरा वर्षं ओहायो राज्यातल्या डब्लिनमध्ये राहते. कोलंबस शहराचं हे उपनगर. "दादा, तू फक्त उन्हाळ्यात येतोस आणि उकडतंय म्हणून कुरकुर करतोस. एकदा ऑक्टोबरमध्ये ये," असं ती दर वर्षी म्हणायची. यंदा गेलो. मुंबईहून नेवार्क आणि तिथून कोलंबस असा प्रवास केला. नेवार्कला सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, तेव्हा मधे निदान चार तास ठेवा. मी अडीच ठेवले होते आणि शेवटच्या गेटपर्यंत जोडे हातात घेऊन पळालो.

कोलंबसच्या विमानतळावर शुभाबरोबर एक उंच, केस घट्ट बांधलेली मुलगी उभी होती. तिने माझ्या हातातली बॅग घेतली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, थांबली, आणि गाडी पार्किंगमधून बाहेर पडून हायवेला लागल्यावर मागच्या सीटवरून म्हणाली, "तुमचा प्रवास सुखाचा झाला असेल अशी मी आशा करते."

"वाक्य तयार होत होतं," शुभा मराठीत म्हणाली. "तुला सवय होईल."

लेना ड्रेस्डेनजवळच्या एका छोट्या गावची. वय बावीस. मातीचा अभ्यास हा तिचा विषय. त्यातलं पुढचं शिक्षण तिला ओहायोतच करायचं आहे, कारण इथल्या मक्याच्या शेतांखालची काळी जमीन तिने पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच तिचं ठरलं होतं. पण प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा हवी. त्यासाठी ती वर्षभर कोलंबसला इंग्रजीचा वर्ग करत होती आणि उन्हाळ्यापासून शुभाकडे पेइंग गेस्ट होती. वाचन, लेखन, ऐकणं यांत तिला उत्तम गुण. बोलण्यात मात्र पहिल्या वेळी ती दोन गुणांनी गेली. दुसरा प्रयत्न माझ्या मुक्कामात होता. तो हुकला तर डिसेंबरमध्ये व्हिसा संपणार आणि तिला परत जावं लागणार.

अडचण इंग्रजीची नव्हतीच. पूर्ण वाक्य मनात बिनचूक तयार झाल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, आणि परीक्षेत तयारीला मोजके सेकंद मिळतात. त्यात ती राहत होती ते घर आमचं. जेवणाच्या टेबलावर विनय ऑफिसचं सांगत असतो, त्याच वेळी शुभा त्याचं म्हणणं खोडत असते, आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी सई दोघांना इंग्रजीत उत्तरं देत असते. लेना आपली पाळी येण्याची वाट बघत बसायची. आमच्या टेबलावर पाळी नावाची गोष्ट नाही. वरण निवून जायचं, तिचं वाक्य तयार व्हायचं, तोवर विषय तीन वळणं घेऊन पुढे गेलेला असायचा. (लेनाशी सगळे इंग्रजीतच बोलतात. ते इथे मराठीत देतोय.)

डब्लिनमध्ये बघायला काय आहे असं विचारलंत, तर एका मैदानात रांगेत उभी केलेली माणसाएवढी काँक्रीटची मक्याची कणसं आहेत. शंभराहून जास्त आहेत. सकाळी धुक्यात जा, फुकट आहे, आणि तिथे बावीस वर्षांची एखादी जर्मन मुलगी बरोबर असेल तर पलीकडच्या झाडांखाली बसून ती माती चिमटीत घेऊन वास घेताना दिसेल.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सईला शाळेची सुट्टी होती, म्हणून विनय सोडून आम्ही चौघं आमिश लोकांच्या भागात गेलो. डब्लिनहून दोन तासांचा रस्ता. सईचं म्हणणं, "डब्लिनमधून बर्लिनला लंचला जातोय, नो बिग डील." कारण तिथे बर्लिन नावाचं गाव आहे. आमिश लोक वीज आणि मोटार टाळून जुन्या पद्धतीने शेती करतात. हायवे सोडला की टेकड्यांवर पांढरी घरं, दोरीवर वाळत घातलेले निळे-जांभळे कपडे आणि रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या दिसायला लागतात. गाडी सावकाश चालवा, माणसांचे फोटो काढू नका आणि रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळं बंद असतं. जेवणाला एका साध्या खानावळीत गेलो. बटाट्याचा लगदा, जाड नूडल्स, घरचा ब्रेड आणि पीच पाय. चौघांचं मिळून कोलंबसमधल्या दोघांच्या बिलाएवढं झालं. शाकाहारी असाल तर नूडल्स कशाच्या पाण्यात शिजवलेत ते आधी विचारा. आम्ही नंतर विचारलं.

चीजच्या दुकानात काउंटरमागे टोपी बांधलेल्या एक आजीबाई होत्या. लेनाने आपल्या सवयीने वाक्य तयार करायला घेतलं, तेवढ्यात त्या मागे वळून कुणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलल्या. लेनाचे कान टवकारले. ती भाषा जर्मनचीच एक जुनी बोली. लेना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, आजीबाईंनी मान वाकडी करून ऐकलं, काहीतरी उलट विचारलं, आणि मग दोघी सुटल्या. एकमेकींचं निम्मंच कळत होतं. उरलेलं त्या हातांनी, चीजच्या तुकड्यांनी आणि हसण्याने भरून काढत होत्या. लेना शब्द चुकत होती, मधेच तोडत होती, पुन्हा सुरू करत होती.

"ही अशी बोलते?" शुभा मला हळूच म्हणाली. "माझ्या घरात चार महिने मुकी बसलीय."

परतताना गाडीत लेना म्हणाली, "त्या माझ्या पणजोबांच्याही पणजोबांसारखं बोलतात. मला खूप चुका करता आल्या." आणि हे वाक्य तिने लगेच, तयारी न करता म्हटलं होतं. तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही कुणी दाखवूनही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि कोजागरी. म्हणजे पौर्णिमा मंगळवारी होती, पण डब्लिनची कोजागरी शनिवारी. इथल्या मराठी मंडळींचं पंचांग असंच चालतं. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, बारसं शनिवारी. मंगळवारी सगळ्यांना ऑफिस, मुलांना शाळा, आणि मसाला दूध काही टीम्स कॉलवर पिता येत नाही. तेव्हा साडेसहाला शुभाच्या अंगणात चाळीस माणसं जमली. भेळ, साबुदाणा वडे आणि मोठ्या पातेल्यात आटवलेलं दूध. चंद्र होता, तीन दिवसांनी कमी.

"थोडा अंडरकुक्ड आहे," विनय वर बघत म्हणाला, "पण चालेल."

आणि इथे आमच्या हातून चूक झाली. लेनाचा वाढदिवस बुधवारी होता. परीक्षा सोमवारी. चाळीस माणसं आयती जमलीत, मग तिचाही वाढदिवस आत्ताच करून टाकू, असं शुभाने ठरवलं. आमच्या लोकांना यात वावगं असं काही वाटलंच नाही. दिवे मालवले गेले, केक आला, त्यावर लेनाचं नाव, तेवीस मेणबत्त्या, आणि सगळे एका सुरात, म्हणजे चाळीस सुरांत, गायला लागले.

लेना पांढरी पडली. तिने दोन्ही हात वर केले आणि "नको, प्लीज नको," म्हणाली. गाणं एकेक करत थांबलं.

"मॉम," सई म्हणाली, "शी टोल्ड अस. इन ऑगस्ट. नोबडी लिसन्ड."

वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं जर्मनीत अपशकुनाचं मानतात. एक दिवस आधीही नाही, एक तास आधीही नाही. लेनाने हे उन्हाळ्यात जेवताना सांगितलं होतं, पण तेव्हा टेबलावर बाकीची तिघं बोलत होती.

"माझा यावर विश्वास नाही," लेना सावकाश, शब्द जुळवत म्हणाली. "पण सोमवारी परीक्षा आहे."

कुणीच हसलं नाही, कारण ते सगळ्यांना पटलं होतं. पाटणकर काकू पुढे आल्या. या नागपूरच्या. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून इथे आल्या, आता निवृत्त. त्यांच्यासमोर विनयही आवाज खाली करतो. "बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या. "मीपण अमावस्या वगैरे मानत नाही. पण ग्रीन कार्डचा फॉर्म काही त्या दिवशी पाठवला नव्हता."

शुभाचे डोळे भरून आले होते. "काकू, आता काय करू? हिला काही झालं तर माझ्यामुळे..."

काकूंनी तिला हातानेच थांबवलं आणि लेनाला विचारलं, "मागच्या वर्षी वाढदिवसाला कुठे होतीस ग?"

लेनाने वेळ घेतला. मग सांगितलं. तेव्हा ती नुकतीच आली होती, हॉस्टेलमध्ये राहत होती. त्यांच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा असतो, म्हणून सफरचंदाचा केक भाजून ती इंग्रजीच्या वर्गात घेऊन गेली. बाईंनी विचारलं, "वा, आज काय विशेष?" तिचं वाक्य तयार नव्हतं. म्हणून ती म्हणाली, "काही नाही." सगळ्यांनी केक खाल्ला, छान झालाय म्हणाले आणि घरी गेले.

काकूंनी पातेल्याखालची शेगडी बारीक केली.

"म्हणजे तो राहिलाय," काकू म्हणाल्या. "मागचा वाढदिवस झालेलाच नाही. मग आम्ही लवकर कुठे आलोय? आम्ही उशिरा आलोय. आमच्यात उशीर चालतो, विचार कुणालाही. हा गेल्या वर्षीचा केक आहे. तीनशे पन्नास दिवस उशीर झाला, त्याबद्दल आम्ही सगळे तुझी..."

"तीनशे एकसष्ट," लेना म्हणाली.

ती काकूंचं वाक्य मधेच तोडून बोलली होती. पाटणकर काकूंचं. चार महिन्यांत तिने घरातल्या मांजराचंही बोलणं तोडलं नव्हतं.

"तीनशे एकसष्ट," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "शुभा, एक मेणबत्ती काढ. बावीसच."

विनयने मेणबत्ती काढली, सईने चॉकलेट सिरपने लेनाच्या नावाखाली इंग्रजीत 'सॉरी वुई आर लेट' असं लिहिलं, आणि शुभाने आतून निरांजन आणलं. काकूंनी गेल्या वर्षीच्या लेनाचं औक्षण केलं. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं, आणि या वेळी लेना हसत होती, रडतही होती. तीन दिवसांनी कमी असलेला चंद्र तेवढ्यात मेपलच्या झाडावर आला.

सोमवारी मी आणि विनय तिला परीक्षेला सोडायला गेलो. केंद्राबाहेर थांबायला जागा नसते, पण रस्त्यापलीकडे कॉफीचं दुकान आहे. तिथे आम्ही तीन कॉफ्या प्यायलो, म्हणजे प्रत्येकी. ती बाहेर आली तेव्हा विनयने गाडी दाराशी आणून काच खाली केली.

"कसं गेलं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "विचार पूर्ण व्हायच्या आधी मी बोलायला लागले. मग एक वाक्य अर्धं टाकून दुसरं घेतलं. मग पहिल्याकडे परत गेले. तुझ्यासारखं."

विनयने काच वर केली. "गेली परीक्षा," मला मराठीत म्हणाला.

बुधवारी सकाळी टेबलावर सफरचंदाचा केक होता. लेनाने पाचला उठून भाजलेला. अर्धा आमच्यासाठी, अर्धा वर्गात. संध्याकाळी तिने सांगितलं की या वेळी बाईंनी विचारायच्या आधीच तिने दारातून सांगून टाकलं, आज माझा वाढदिवस आहे.

पुढच्या शनिवारी मी निघालो. नाशिकला पोचल्यावर मंडळींनी विचारलं, अमेरिकेत काय पाहिलंस. आमिश लोकांच्या घोडागाड्या सांगितल्या, पीच पाय सांगितला, मेपलची लाल पानं फोनवर दाखवली. माझं आयुष्य वर्तमानपत्रात, बातमी त्याच दिवशी छापायची या नियमात गेलं. बातमी कुणासाठी तरी थांबू शकते हे मला डब्लिनमध्ये कळलं, आणि यंदाची कोजागरी नाशिकच्या माझ्या गच्चीवर, पौर्णिमेच्या दिवशी झाली नाही याची चुटपुट कुठेच सापडली नाही.

दिवाळी सोमवारी आहे. डब्लिनची अर्थातच शनिवारी, सकाळी अकरा वाजता एका शाळेच्या हॉलमध्ये, फराळासह. विद्यापीठाला गुण कळवायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा उशीर काही होत नाही. लेनाने चाळीस माणसांना निरोप पाठवला आहे की निकाल ती तिथे सगळ्यांसमोर उघडेल आणि केक तीच आणेल.

"आणि नापास झालीस तर?" शुभाने तिला विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"बुधवारी नापास झाले असते तर घरात तुम्ही तिघंच होता," लेना म्हणाली. "शनिवारी सगळे असतील. आणि चकली असेल."

शनिवारी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतील तेव्हा फोन येईल. फोन लेनाच करणार, असं ठरलंय. मागून चाळीस जण एकदम बोलत असतील, आणि ती त्यांच्या मधेच सुरुवात करेल.