एका पायावर, मागे वाकून

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती चौदा वर्षं भिंगं घासत होती. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे, तिथं लेकीच्या उठण्याबसण्यातला फरक कसा सुटणार? लेक पंधराची, जिम्नॅस्टिक्स करणारी. अंगात हाडं आहेत की नाहीत अशी वळायची, म्हणून सगळे तिला स्प्रिंग म्हणत. आणि ही स्प्रिंग दोन आठवडे सकाळी आधी कुशीवर वळून, मग हातांवर भार देऊन उठत होती.

"कंबर दुखतेय का गं?"

"नाही."

"मग म्हातारीसारखी का उठतेस?"

"आई, संघाची निवड पाच आठवड्यांवर आलीय. उगाच काहीतरी काढू नकोस."

आईला काय ते कळलं. ती तडक भावाकडे गेली. मामाच्या ओळखीचा एक मालिशवाला होता. त्यानं मुलीला पुढं वाकायला लावलं. तिचे तळवे आरामात जमिनीला टेकले. "वाकतेय की छान! शीर आखडलीय, बाकी काही नाही," असं म्हणत त्यानं कोपरानं कंबर रगडली. स्प्रिंग ओरडली नाही, पण चादर मुठीत घट्ट धरून राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाकावर तिला तासभरही बसवेना.

मग गल्लीतला दवाखाना झाला. डॉक्टरांनीही पुढंच वाकवलं, एक्स-रे काढला आणि हाडं ठणठणीत असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं थांबलं, आणि पोरगी पुन्हा उड्या मारू लागली. आईच्या जिवाला जरा स्वस्थता मिळाली, तीही चारच दिवस. पाचव्या दिवशी गोळ्यांचं पाकीट तिच्या हाती लागलं. आठ दिवसांच्या गोळ्यांपैकी एकच उरली होती.

ती दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन थेट सरावाच्या हॉलवर गेली. दारातूनच तिनं पाहिलं. स्प्रिंगनं मागं उलटी उडी घेतली, पाय टेकले, हात वर केले, हसलीसुद्धा. पण दात घट्ट आवळलेले होते, आणि शिकवणाऱ्या सरांची पाठ वळताच डावा हात कमरेवर गेला.

आई तशीच सरावाच्या गादीवर चढली.

"ताई, चपला बाहेर काढा," सर म्हणाले.

"सर, हिचं थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"आई, जा ना तू!" पोरगी ओरडली. सगळ्या मुली वळून बघू लागल्या.

आईनं पाकीट सरांच्या हातात ठेवलं. सहा वर्षं घाम गाळून त्यांनी ही मुलगी तयार केली होती. आता ते भांडायला उठणार असंच तिला वाटलं. पण सरांनी पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या. "मला हिनं एका शब्दानंही सांगितलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि मीही विचारलं नाही." त्यांनी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला.

डॉक्टरबाईंनी आधी हात लावलाच नाही. कधी दुखतं, कुठल्या हालचालीला, रात्री झोप लागते का, पायाला मुंग्या येतात का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "डाव्या पायावर उभी राहा. आता मागे वाक."

स्प्रिंग मागे वाकली, तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिनं टेबल धरलं. इतके दिवस प्रत्येकानं तिला पुढंच वाकवून पाहिलं होतं.

एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या मणक्याला बारीक तडा दिसला. "एका धक्क्यानं नाही झालेलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीच कमान, तोच ताण, हजारदा. साध्या एक्स-रेत सुरुवातीला हे बऱ्याचदा दिसत नाही. वेळेवर आलात, जुळायची आशा चांगली आहे. पण तीन महिने उड्या बंद, कमानी बंद."

"आणि निवड?" स्प्रिंगनं विचारलं.

"यंदा नाही, बाळा."

घरी येताच पोरीनं सरावाची पिशवी माळ्यावर फेकली. पुढचे आठ दिवस ती जेवणाचं ताटही आपल्या खोलीत नेत होती. निवडीच्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. आई दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. आपण लेकीच्या तोंडचा घास हिरावला, असंच तिला वाटत होतं. संध्याकाळी आतून आवाज आला, "आई, तू बाहेरच आहेस का?"

"आहे."

"मग आत ये. मला ते व्यायाम एकटीनं करायचा कंटाळा येतो."

डॉक्टरबाईंनी दिलेला व्यायाम म्हणजे गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय उचलायचा, पोट आवळायचं, कंबर हलू द्यायची नाही. आईनं शेजारी करून पाहिलं आणि ती तोल जाऊन आडवी झाली. महिन्याभरात पहिल्यांदा पोरगी खळखळून हसली.

चौथ्या महिन्यात डाव्या पायावर मागे वाकताना दुखलं नाही. तरी डॉक्टरबाईंनी घाई करू दिली नाही. आधी धावणं, मग साध्या कोलांट्या. सातव्या महिन्यात सरांनी पाठीखाली हात धरून तिला पहिली कमान करू दिली. आई दारातच उभी होती.

"दुखलं?" सरांनी विचारलं.

स्प्रिंगनं कमरेवर हात ठेवून पाहिला. "डावीकडं थोडं ओढलं."

"बास, आज एवढंच," सर म्हणाले. तिनं हुज्जत घातली नाही. बाकावर येऊन बसली आणि बूट चढवू लागली.