जावेचा बिल्ला

नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी तीन हंगाम हजेरी लिहिली. महाराष्ट्र नुकताच झाला होता, माझं लग्नही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की सकाळी फाटकाशी बाया जमायच्या. मी डब्यातून पितळेचे बिल्ले काढून एकेकीच्या हातावर ठेवायचो आणि वहीत नाव लिहायचो. संध्याकाळी बिल्ला परत. दिवसभर तो जिच्या गळ्यात, ती त्या दिवसापुरती कारखान्याची. उद्याचं उद्या.

आत दवाखान्याची एक खोली होती. दारावर पाटी होती : ‘फक्त कायम कामगारांसाठी’. यंत्रात कापूस सारणाऱ्या बाया कायम नव्हत्या. काही लागलं तर त्या लुगड्याची चिंधी बांधून पुन्हा कामाला लागत. कायम तर मीही नव्हतो. पण पुढच्या वर्षी करू, असं मॅनेजर म्हणाले होते.

पदरी तान्ही पोरं असलेल्या बायांनी एक सोय करून घेतली होती. दोघींत एक बिल्ला. दुपारचा भोंगा झाला की आतली बाहेर यायची, बिल्ला दुसरीच्या गळ्यात घालायची आणि तिच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घ्यायची. हे माझ्या डोळ्यांपुढे व्हायचं. मॅनेजरही जाणून होते. यंत्र थांबत नव्हतं, म्हणून कोणी काही बोलत नव्हतं. वहीत मात्र सकाळचंच नाव राही.

पिंपळगाव राजाहून हंगामापुरत्या आलेल्या दोन जावांचं असंच होतं. सकाळी थोरली, दुपारून धाकटी. एका दुपारी धाकटीचा उजवा हात कापसासोबत यंत्राच्या रुळाखाली गेला. तीन बोटं गेली.

तिला दवाखान्याच्या दाराशी आणलं. मॅनेजरांनी मला विचारलं, “हिचं नाव आहे का वहीत?”

वहीत थोरलीचं नाव होतं, आणि थोरली तर फाटकाबाहेर दोन्ही धडक्या हातांनी पोर धरून उभी होती. मला सगळं ठाऊक होतं. मी वही वाचली आणि म्हणालो, “नाही. ही कामावर नव्हती.”

धाकटी रडत नव्हती. “बाबू, रोज दुपारी तुमच्या पुढून त जातो मी,” ती म्हणाली. “मले ओयखत नाई का तुमी?”

मी हातातल्या बिल्ल्यांच्या डब्याचं झाकण लावलं. दवाखान्याचं दार बंदच राहिलं. तिला बैलगाडीतून सरकारी इस्पितळात नेलं. आजही मला त्या झाकणाचा आवाज ऐकू येतो.

थोरलीने हार मानली नाही. तिने भरपाईचा अर्ज लिहवून घेतला. होळीनंतर भरपाईच्या सरकारी साहेबांपुढे चौकशी लागली. “तू फक्त वही वाच,” मॅनेजरांनी मला बजावलं.

कचेरीत मॅनेजर म्हणाले, “साहेब, ही बाई चोरून आत शिरली.”

थोरली उसळली. “चोरून? तुमच्या फाटकातून, तुमच्या बाबूच्या नाकापुढून? असा चोर पाह्यला का कोनी, जो दिवस बुडेलोक तुमचाच कापूस सारते अन् खाली हातानं घरी जाते?”

कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या जिनिंगच्या बाया हसल्या. साहेबांनी धाकटीला कागदावर अंगठा द्यायला सांगितलं. शिपायाने तिचा उजवा हात धरला, तसा पदर सरकला. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. शिपाई क्षणभर थांबला, मग त्याने हलकेच त्या अंगठ्याला शाई लावली.

साहेब माझ्याकडे वळले. मी वही उघडलीच नाही.

“साहेब, वही अर्धीच खरी आहे. दुपारी बिल्ला बदलतो. मी रोज पाहतो. त्या दिवशीही पाहिला होता. मी खोटं बोललो.”

साहेबांनी ओसरीकडे पाहून विचारलं, “दुसरीच्या बिल्ल्यावर आणखी कोणी काम केलंय?”

असं कबूल केलं तर पुढचा हंगाम जाईल, ही सगळ्यांना भीती होती. थोरली गरजली, “करा वो बायांनो हात वर! अजून हात हायेत तवर!”

एक हात वर गेला. मग दुसरा. मग ओसरीभर हात झाले. “हाव साहेब, मी बी!” “मी बी!”

निकाल धाकटीच्या बाजूने लागला. हात कारखान्याचा कापूस सारताना गेला. बाई हंगामी असो, बदली असो, वहीत असो वा नसो, ती कारखान्याचीच कामगार, असं साहेबांनी ठरवलं. मला त्याच आठवड्यात काढून टाकलं. मी धान्याच्या अडतीवर लागलो.

पुढच्या दिवाळीनंतर ऐकलं, बाया बिल्लेच घेत नाहीत. मी धावत गेलो. कापसाच्या गाड्या पार सडकेपर्यंत लागल्या होत्या आणि फाटकाशी बाया मांडी घालून बसल्या होत्या. आधी दवाखान्याची पाटी बदला, मग बिल्ले, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची जागा घ्यायला दुसरी कोणी पुढे होत नव्हती. दुपारी रंगारी आला.

रंग ओला असतानाच सगळे आत दवाखान्याच्या दाराशी जमले आणि थोरलीने मला गर्दीत हेरलं. “बाबू, इकडं या. आमाले वाचता येत नाई. काय लिवलं?”

मी वाचलं, “फाटकाच्या आत काम करणाऱ्या सर्वांसाठी.”

“जोरानं वाचा. हिचा हात गेला तवा वही कशी खडखडा वाचली होती!”

बाया खदखदल्या. मी मोठ्याने वाचलं. धाकटी पायरीवर उभी होती, पोर डाव्या कडेवर. नव्या हंगामात आतल्या झाडाखाली सगळ्यांची पोरं सांभाळायचं काम तिला मिळालं होतं, तिच्या स्वतःच्या बिल्ल्यावर.

“अजून एक डाव,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. ती उंबरठा ओलांडून आत गेली, दवाखान्याच्या बाकावर ऐसपैस बसली आणि पोराला मांडीवर घेतलं. तिला काही दुखत नव्हतं. तिला उठवायला कोणी आलं नाही.