परीक्षेतला नवरा

भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसतं आणि त्यात मी दरवर्षी मरतो. प्रेक्षक घड्याळ बघायला लागेपर्यंत मरतो. त्यामुळे मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या शेजारच्या डॉक्टर मॅडमनी "काका, आमच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेत पेशंटचे नातेवाईक व्हाल का?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं, अखेर विज्ञानानं आपली दखल घेतली.

काम सोपं होतं. शिकाऊ डॉक्टर एकेक करून खोलीत येणार आणि माझ्या खोट्या बायकोला कॅन्सर झाल्याचं मला सांगणार. ते कसं सांगतात, हे कोपऱ्यात बसून मॅडम बघणार. मी फक्त ऐकायचं, साधे प्रश्न विचारायचे.

पहिला मुलगा "रिपोर्ट चांगला नाहीये" एवढंच म्हणाला आणि मी छाती धरून खुर्चीवरून खाली आलो. तो बिचारा घाबरून माझी नाडी बघायला लागला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "आजारी तुमची बायको आहे. तुम्ही नाही."

दुसऱ्यावर मी ओरडलो, "तुमचं मशीनच बिघडलंय!" तो "सॉरी सर, सॉरी सर" करत मागे सरकत थेट दारापर्यंत पोचला. मॅडमनी मला पाणी दिलं. पिऊन गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता.

मग एक मुलगी आली. तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "काका, सोबत कोणी आलंय?" मी नाही म्हटलं. "काकूंना घरी काय त्रास होतोय, सांगाल?"

खोट्या बायकोच्या त्रासाबद्दल मॅडमनी पाठ करायला दिलेलं सगळं मी विसरलो. डोळ्यांपुढे माझी खरी बायको आली. ती किती दिवस दमल्यासारखी दिसतेय, विचारलं की "काही नाही" म्हणते, हे मी सांगत सुटलो. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात आजाराचं नाव सांगितलं.

माझा हंबरडा तयार होता. बाहेर फक्त एवढंच आलं, "तिला कोण सांगणार?"

"आपण दोघं मिळून सांगू. मी असेन ना."

मी खरंच रडलो.

ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "वा काका! आता कसा संयत अभिनय केलात!" मी मान लववून कौतुक स्वीकारलं. खरं सांगून कशाला त्यांचा विरस करायचा?

घरी आलो तर बायको शेंगा सोलत बसली होती. "उद्या तुझं चेकअप करून घेऊ," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीय?"

मी सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकली. "मग मी वाचले की गेले?"

"तिथपर्यंत परीक्षा नव्हतीच."

"तरी रडलात?" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आली. एकट्या तिचंच कशाला, म्हणून मीही तपासायला रक्त दिलं.

तिचा रिपोर्ट स्वच्छ निघाला. साखर माझी वाढलेली. लॅबवाल्यानं कागद काउंटरवर सरकवत सांगून टाकलं, "अंकल, शुगर हाय है." ना बसा म्हणाला, ना सोबत कोणी आहे का विचारलं. मी त्याला मनातल्या मनात शून्य मार्क दिले. सोबत होती ती बायको हसू आवरत उभी होती.