तिसऱ्या कंपनीचा मेलेला शिपाई

कॅप्टन लाव्र प्लातोनोविच बेरेझ्नोय यांचा राग आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. चहा कोमट आला तरी ते चिडत. क्लबात कुणी लढाईची थाप मारली तर पत्ते टाकून उठून जात. घोड्याने पाडून गुडघा निकामी केला, कवायत सुटली, तेव्हा कर्नल श्तांगे यांनी पलटणीचा इतिहास लिहायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. पलटणीची शताब्दी काही वर्षांवर आली होती. असले इतिहास पलटणीतल्याच एखाद्या अधिकाऱ्याकडून लिहवून घेतात, सोनेरी कडा लावतात आणि कपाटात ठेवून देतात. बेरेझ्नोय यांनी मात्र तो खरोखरच लिहायला घेतला.

तिसऱ्या कंपनीत संध्याकाळच्या हजेरीला पहिलं नाव मेलेल्या माणसाचं घेतात. "येव्सेई कुक्लिन," हवालदार पुकारतो, आणि उजव्या टोकाचा शिपाई उत्तर देतो, "पलटणीच्या मानासाठी पुलावर धारातीर्थी पडला." तुर्कांच्या लढाईत सगळ्यांना पुलापलीकडे पोचवून कुक्लिन एकटा मागे राहिला आणि जळत्या पुलासकट नदीत गेला. म्हणून खुद्द झारने हुकूम काढून कंपनीला हा मान दिला होता. बेरेझ्नोय त्या कंपनीचे प्रमुख होते तेव्हा रोज ही हजेरी ऐकत आणि रोज त्यांचा घसा दाटून येई.

हा माणूस होता तरी कसा, एवढं विचारायला ते कुक्लिनच्या गावी गेले. मुखियाने कान खाजवत नदीकाठच्या एका पडक्या न्हाणीघराकडे बोट दाखवलं. "मेला तिथं राहतो," तो म्हणाला.

आत एका हाताचा म्हातारा गुडघ्यांत सलगम धरून सोलत बसला होता. कॅप्टनसाहेबांची टोपी पाहून आणि आपलं नाव ऐकून तो ताडकन उभा राहिला. "कुक्लिन ना, सरकार? मीच तो. बसा, पण जपून, बाकाचा एक पाय मोडकाय."

त्याला नदीतून तुर्कांनीच ओढून काढलं होतं. एक हात त्याने कैदेत गमावला. सुटून घरी आला तर चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणून झालेल्या, आणि बायको उस्तिन्या एका पिंपं करणाऱ्याशी लग्न करून दोन पोरांची आई झालेली. तिचा संसार त्याने मोडला नाही. पण गावकी जमिनीच्या पट्ट्या जिवंत माणसांत वाटते, आणि याचं नाव जिवंतांत नव्हतं. मुखियाने पलटणीला विचारलं. पलटणीने कळवलं, कुक्लिन मेला आहे, त्याचं नाव सांगणारा तोतया असेल, धरून ठेवा. गावाने त्याला उन्हाळाभर कोठडीत ठेवलं आणि मग कंटाळून सोडून दिलं.

"पदक नको सरकार, बायको नको," म्हातारा म्हणाला. "एक पट्टी द्या म्हणावं. ओट पेरीन. पेरायला एकच हात लागतो."

बेरेझ्नोय यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या त्या दाटून येणाऱ्या घशाचीसुद्धा त्यांना चीड आली. परतले ते तडक कर्नलच्या खोलीत शिरले. कुक्लिन जिवंत आहे असं लिहून सही करा, म्हणाले.

"झारच्या हुकमाने तो मेलाय, लाव्र प्लातोनोविच," कर्नल शांतपणे म्हणाले. "जिवंत व्हायचं तर हुकूमही तिथूनच यायला हवा. तो मी मागू? शताब्दीच्या पाहुण्यांना काय सांगू, आमचा हुतात्मा सलगम सोलतोय?" मग त्यांनी आवाज मऊ केला. पुस्तक याच महिन्यात छापायला जाईल, उत्तम कातडी बांधणीत. पुलाचं प्रकरण तेवढं आहे तसं राहू द्या.

सात वर्षांची मेहनत होती ती. बेरेझ्नोय यांनी टेबलावरचं हस्तलिखिताचं बाड उचलून काखेत मारलं.

"तुर्कांना तो एकदाही मारता आला नाही," ते म्हणाले. "तुम्ही त्याला रोज संध्याकाळी मारताय."

राजीनामा त्यांनी त्याच दिवशी दिला. बराकीच्या कुंपणासमोर एका पाववालीकडे खोली घेतली आणि कुक्लिनला घेऊन आले. नाव पुकारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला सांगितलं. म्हातारा घाबरला. पुन्हा कोठडीत घालतील म्हणाला. "तोतयाला घालतात," बेरेझ्नोय गुरगुरले. "तू मेलेला आहेस. मेलेल्याला कसला कायदा?"

पहिल्या संध्याकाळी कुक्लिन खोलीतून बाहेरच पडेना. दुसऱ्या दिवशी मात्र नाव आलं आणि कुंपणाबाहेरून खणखणीत आवाज गेला, "हजर!" उजव्या टोकाचा शिपाई दचकला, तरी पाठ केलेलं बोललाच, धारातीर्थी पडला म्हणून. मग हे रोजचंच झालं. लोक सूर्यफुलाच्या बिया चघळत ऐकायला जमू लागले. कर्नलने पोलीस पाठवला. पोलिसाने तक्रारीत कुक्लिनचं नाव लिहिलं, कचेरीत ते नाव मयत निघालं, आणि बिचाऱ्याने कागद फाडून टाकला.

शताब्दीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी हवालदाराने नाव पुकारलं आणि उजव्या टोकाचा शिपाई गप्प राहिला. हवालदाराने पुन्हा पुकारलं. शिपायाने समोर बघत ओठ घट्ट मिटून घेतले.

"हजर," कुंपणाबाहेरून आवाज आला.

हवालदाराने कर्नलच्या खिडकीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी, झारच्या हुकमाची वाट न पाहता, कर्नलच्या सहीचा कागद आला. पाहुण्यांपुढे असला तमाशा त्यांना परवडणारा नव्हता. कुक्लिनला वाचता येत नव्हतं, म्हणून बेरेझ्नोय यांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा लालभडक झाला. इसम येव्सेई कुक्लिन हा आजच्या तारखेपासून जिवंत समजण्यात यावा, असं त्यात लिहिलं होतं.

"आजपासून?" ते ओरडले. "आणि इतकी वर्षं कोण जगत होतं?"

म्हाताऱ्याने त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि सदऱ्याच्या आत ठेवला. "असू दे सरकार," तो म्हणाला. "पेरणी तोंडावर आलीये." टोपी घालून तो गावच्या रस्त्याला लागला, आणि बेरेझ्नोय दारात तसेच उभे राहिले.