पस्तीसच्या वर म्हणजे पास

“एएमएच कमी आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. ताईने आणि दाजींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बीडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे आष्टीकडून दोघं तपासणीला आले की स्टँडवरून मला सोबत घेत. मॅडम इंग्रजी मिसळून बोलत, ते मी त्यांना समजावून सांगायचं.

एएमएच ही रक्ताची तपासणी. अंडाशयात किती स्त्रीबीजं उरली असावीत, याचा अंदाज तिच्यावरून येतो. ताई एकतीस वर्षांची आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली. मॅडमनी आयव्हीएफ सुचवलं, म्हणजे ज्याला सगळे टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात ते. बीजं बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात.

“सक्सेस रेट एका वेळेला फिफ्टी पर्सेंटच्या थोडा खाली धरा,” त्या म्हणाल्या.

बाहेर बाकड्यावर ताईने विचारलं, “काय म्हणल्या गं?”

“पन्नासच्या थोडं खाली. म्हणजे पस्तीसच्या वर.”

“म्हंजी पास?”

“पास,” मी म्हणाले.

दाजी हसले. “आपुन तर धाव्वीला अडतीसवर पास झालतो!”

त्या दिवसांत मला हे चुकीचं वाटलं नाही, हे कबूल करते.

इंजेक्शनं अकरा दिवस चालली. सहा बीजं निघाली. त्यातली चार पक्व होती, तीन फलित झाली. दोन भ्रूण सोडले, एक गोठवून ठेवला. प्रत्येक पायरीवर आकडा कमी होत होता. तो मी वहीत लिहीत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते.

भ्रूण सोडल्यापासून चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी केली. ही गर्भ राहिल्याचं सांगणारी रक्ततपासणी. ती पॉझिटिव्ह आली. ताईच्या सासूबाईंनी त्याच दिवशी आळीत पेढे वाटले. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण पास झाल्यावर पेढे थांबवतात का?

सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले नाहीत.

परतताना रिक्षात ताई म्हणाली, “तू तर पास म्हणली व्हतीस.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या तपासणीला मी मॅडमना विचारलं, “तो आकडा नेमका कशाचा होता?”

“रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याचा. मूल हातात येण्याचा त्याहून कमी असतो. हे फार जण विचारत नाहीत. मीच सांगायला हवं होतं.”

तेव्हा माझी चूक मला कळली. परीक्षेत पस्तीसच्या वरचा प्रत्येक जण पास होतो. इथे शंभर जणींतल्या निम्म्याहून जास्त रिकाम्या हाताने घरी जातात, आणि आपण त्यांच्यात आहोत की उरलेल्यांत हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्यापैकी कुणी या बाकड्यावर बसणार असाल, तर आकडा कशाचा आहे, एवढं आत असतानाच विचारा.

गोठवलेला भ्रूण पुढच्या महिन्यात सोडायचा आहे. या वेळी मी ताईला सरळ सांगितलं, “मूल न होण्याचीच शक्यता जास्त हाय.”

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “हे पहिल्यांदा सांगितलं असतंस, तरी मी आलेच असते. फक्त घरी कुणाला बोलले नसते.”

आणि पुढे म्हणाली, “या बारीलाबी आत चल माझ्यासंगं. पन काय म्हणतील ते तसंच्या तसं सांग.”

मी वही घेतली आहे. मॅडमना विचारायचे प्रश्न तिनेच सांगितले, मी फक्त लिहून घेतले.